परमुलखातले दुखणे, घरचा रस्ता

आमच्या घराण्यात परमुलखात आजारी पडलेला पहिला माणूस गोदावरीच्या पलीकडे आजारी पडला. साल १९३७ किंवा ३८ असावे. माझे चुलत आजोबा बैलजोडी घेऊन घोडेगावच्या बाजाराला गेले आणि तिथेच विषमज्वराने अंथरुणाला खिळले. घोडेगाव नेवासे तालुक्यात, म्हणजे इंग्रजी अमलात. आमचे गंगापूर निजामाच्या औरंगाबाद जिल्ह्यात. मधे गोदावरी, आणि गोदावरीच्या काठी करोडगिरीचा नाका. करोडगिरी म्हणजे निजामी राज्याचे जकात खाते. आजोबांना बैलगाडीतल्या खाटेवर घालून प्रवरासंगमापर्यंत आणले, नावेतून कायगाव टोक्याला उतरवले आणि नाक्यावर गाडी अडली. पलीकडच्या डॉक्टरला द्यायला कलदार रुपये लागले होते, ते हाली सिक्का मोडून उसनवारीने मिळवले होते. त्याचा हिशेब कारकुनाला हवा होता. घरात पुढे सांगत असत की त्या कारकुनाने खाटेची नोंद वहीत ‘सामान’ या सदरात केली, कारण आजारी माणसासाठी वहीत रकानाच नव्हता.

ही गोष्ट मी लहानपणापासून विनोद म्हणून ऐकत आलो. तिचा खरा अर्थ मला २०१८ साली कळला. माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा आखातातल्या एका शहरात बांधकामाच्या परातीवरून खाली पडला आणि त्याला घरी आणण्याचे काम माझ्याकडे आले. त्या एकोणीस दिवसांत मी जे कागद भरले, त्यांतल्या एकाही कागदाला तो कोणत्या सदरात बसतो हे नीट ठरवता येत नव्हते. मी पेशाने इतिहासाचा शिक्षक. निवृत्तीनंतर मला प्रश्न पडला, की परमुलखात आजारी पडलेल्या माणसाला घरी आणण्याची ही खटपट केव्हापासूनची आहे? कोणाला कसे आणले गेले, आणि कोणाला आणता आले नाही? त्या शोधातून हा लेख तयार झाला.

हिंदुस्थानात या विषयाची सुरुवात उलट्या दिशेने होते. इथे परदेशी आजारी पडणारे पहिले मोठ्या संख्येचे लोक म्हणजे इंग्रज. त्यांच्या दृष्टीने परदेश म्हणजे आपला देश. कंपनी सरकारचे अधिकारी तब्येत बिघडली की रजा घेऊन आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, केप ऑफ गुड होपला, हवापालटासाठी जात. मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने महाबळेश्वरला आरोग्यस्थान वसवले ते याच गरजेतून. इंग्लंडपर्यंत पोहोचता येत नसेल, तर निदान इंग्लंडसारखी हवा असलेल्या डोंगरावर पोहोचावे, असा हिशेब. साध्या गोऱ्या शिपायाला केप परवडत नसे. त्याच्यासाठी ‘इन्व्हॅलिड’ असा शेरा होता. तो पडला की त्याला जहाजावर चढवून मायदेशी पाठवत. १८६३ साली साउदॅम्प्टनजवळ नेटली येथे प्रचंड लष्करी रुग्णालय उघडले, त्याच्या खाटांवर हिंदुस्थानातून परतलेले असे शिपाई असत. सांगायचा मुद्दा एवढाच, की सत्ता ज्याच्या हातात त्याच्या परतीची व्यवस्था आधी झाली. कागद, शेरा, जहाज, पलीकडे वाट पाहणारे रुग्णालय, अशी साखळी त्यांनी दीडशे वर्षांपूर्वी उभी केली होती.

आपल्या माणसांसाठी अशी साखळी नव्हती. मराठी वाचकाला या संदर्भात पहिले नाव आठवते ते डॉ. आनंदीबाई जोशी यांचे. एप्रिल १८८३ मध्ये कलकत्त्याहून त्या निघाल्या, जूनमध्ये न्यूयॉर्कला पोहोचल्या. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजातून एम.डी. झाल्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्रियांच्या विभागाची जागा त्यांना मिळाली होती. पण तोवर क्षयाने त्यांचे शरीर पोखरले होते. ऑक्टोबर १८८६ मध्ये त्यांनी अमेरिका सोडली आणि नोव्हेंबरात मुंबईच्या बंदरात उतरल्या. सुएझ कालवा १८६९ साली खुला झाला होता, त्यामुळे आफ्रिकेचा वळसा वाचला. तरीही क्षयाच्या रुग्णाने अटलांटिक, भूमध्य समुद्र, तांबडा समुद्र आणि अरबी समुद्र ओलांडायचे, तेही आठवडेच्या आठवडे बोटीच्या खोलीत आणि बोटीच्या अन्नावर. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्या वारल्या. वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. त्यांची रक्षा त्यांच्या अमेरिकन मावशी, थिओडिशिया कार्पेंटर, यांच्याकडे पाठवण्यात आली. न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी गावी कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत आनंदीबाईंच्या नावाची शिळा आहे.

हा प्रवास मी पूर्वी वर्गात अनेकदा शिकवला आहे. तेव्हा मी तो पराक्रमाची गोष्ट म्हणून शिकवत असे. आता वाचताना वेगळेच दिसते. त्या काळी क्षयावर औषध अमेरिकेतही नव्हते आणि पुण्यातही नव्हते. कॉख यांनी क्षयाचा जंतू शोधून काढला तो १८८२ साली, म्हणजे आनंदीबाई निघण्याच्या आदल्या वर्षी. औषध यायला आणखी साठ वर्षे लागायची होती. त्यामुळे त्यांचे परत येणे हा उपचार नव्हता. तरी त्या आल्या. डॉक्टर असल्यामुळे त्यांना आपला आजार कळत नसेल असे मानणे कठीण आहे.

दुसरे उदाहरण नामदार गोखल्यांचे. १९१४ च्या उन्हाळ्यात मधुमेहाने खंगलेले गोखले प्रकृतीसाठी फ्रान्समध्ये होते. ऑगस्टच्या सुरुवातीला महायुद्ध पेटले आणि फ्रान्स-इंग्लंडमधले दळणवळण तुटले. त्याच आठवड्यात दक्षिण आफ्रिकेहून गांधीजी खास त्यांना भेटायला लंडनला उतरले, तो गोखले पॅरिसला अडकलेले. पुढे ते लंडनला पोहोचले, पण ऑक्टोबरचे धुके त्यांना सोसेना म्हणून मायदेशी परतले. मागे राहिलेल्या गांधीजींना प्लुरसी, म्हणजे फुप्फुसाच्या आवरणाला सूज, झाली. उपाय चालेनात. शेवटी उबदार हवेत जा, असा सल्ला मिळाला. डॉ. जीवराज मेहता यांनी त्यांच्या बरगड्यांभोवती प्लास्टर आवळून बांधले आणि तांबडा समुद्र येईपर्यंत काढू नका असे बजावले. दोन दिवसांत गांधीजींनी कंटाळून ते सोडून टाकले. बोटीची मोकळी हवा लागताच त्यांना बरे वाटू लागले असे त्यांनीच आत्मकथेत लिहिले आहे. १९ डिसेंबर १९१४ ला निघालेले गांधीजी ९ जानेवारी १९१५ ला मुंबईच्या अपोलो बंदरावर उतरले. अवघ्या सहा आठवड्यांत, १९ फेब्रुवारीला, गोखले पुण्यात गेले. लंडनहून आजारी परतलेल्या या दोघांपैकी एकाला प्रवासाने बरे केले, दुसऱ्याला फक्त घरापर्यंत पोहोचवले.

हे दोघे नामवंत प्रवासी. त्याच वर्षी साध्या मराठी माणसाचे काय होत होते, याची नोंद मेसोपोटेमियाच्या चौकशी अहवालात आहे. इराकमध्ये तुर्कांशी लढायला गेलेल्या सहाव्या (पुणे) डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. २२ नोव्हेंबर १९१५ ला बगदादच्या अलीकडे टेसिफॉनला लढाई झाली. हजारो जखमींसाठी पुरेशा रुग्णवाहिका नव्हत्या. स्प्रिंग नसलेल्या खेचरगाड्यांतून त्यांना नदीपर्यंत आणले आणि तैग्रिसवरच्या उघड्या बोटी-पडावांत दाटीने भरून बसऱ्याकडे पाठवले. ‘मेजिदिये’ नावाची अशी एक बोट बसऱ्याला लागली, तेव्हा इंडियन मेडिकल सर्व्हिसचे मेजर कार्टर तिथे होते. दिवसेंदिवस जखमांच्या पट्ट्या न बदललेली, अतिसाराने गलितगात्र झालेली, स्वतःच्याच घाणीत पडलेली माणसे त्यांनी पाहिली आणि वरिष्ठांना तसे लेखी कळवले. त्यावर शाबासकी तर नाहीच, उलट बोलणे थांबवा नाहीतर कारवाई होईल, असा दम त्यांना मिळाला. पण कार्टर गप्प बसले नाहीत. चौकशी आयोग नेमला गेला, १९१७ साली अहवाल प्रसिद्ध झाला आणि भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांना राजीनामा द्यावा लागला. त्यांच्या जागी माँटेग्यू आले आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये जबाबदार राज्यपद्धतीची ती प्रसिद्ध घोषणा झाली. आपल्या राजकीय इतिहासाच्या पुस्तकांत घोषणा असते. ती करणारा मंत्री ज्या खुर्चीत बसला ती जखमींच्या वाहतुकीच्या बेअब्रूने रिकामी झाली होती, हे सहसा नसते.

विमान या कहाणीत येते ते ऑस्ट्रेलियातून. १९१७ साली त्या खंडाच्या वायव्येला हॉल्स क्रीक नावाच्या ठिकाणी जिमी डार्सी हा गुराखी घोड्यावरून पडून गंभीर जखमी झाला. डॉक्टर पर्थला, हजारो किलोमीटरवर. तिथल्या पोस्टमास्तरने तारयंत्रावरून डॉक्टरच्या सूचना घेत साध्या चाकूने शस्त्रक्रिया केली. डॉक्टर बोट, मोटार आणि घोडे बदलत निघाले, ते पोहोचले तेव्हा डार्सी आदल्याच दिवशी मरण पावला होता. जॉन फ्लिन या धर्मोपदेशकाने ही गोष्ट मनात धरली आणि अकरा वर्षे निधी जमवत राहिला. १७ मे १९२८ रोजी क्वीन्सलँडमधल्या क्लॉनकरीहून ‘उडत्या डॉक्टरां’चे पहिले विमान निघाले. हे विमान भाड्याचे होते. त्याच वर्षाच्या अखेरीस आपल्या वायव्य सरहद्दीपलीकडे काबूलमध्ये बंड झाले. तेव्हा ब्रिटिश हवाई दलाने डिसेंबर १९२८ ते फेब्रुवारी १९२९ या काळात हिवाळ्याच्या बर्फावरून ५८६ माणसे पेशावरला आणली. संकटात सापडलेल्या नागरिकांना परदेशातून विमानाने सोडवण्याचा हा पहिला मोठा प्रयोग.

दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशच्या आघाडीवर हा प्रयोग नित्याचा झाला. इंफाळच्या वेढ्यात रसद घेऊन येणारी डकोटा विमाने परतताना जखमींना घेऊन जात. मार्च १९४४ मध्ये सांगशाकच्या टेकडीवर मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी बटालियन लढत होती. तिथून वाचलेल्यांना जंगलातून पायी वाट काढावी लागली. पुढच्याच महिन्यात त्याच आघाडीवर, आसामातल्या लालाघाटहून निघालेल्या कार्टर हरमन या अमेरिकन वैमानिकाने जपानी फळीच्या मागे अडकलेल्या चौघांना हेलिकॉप्टरने बाहेर काढले. त्याचे यंत्र इतके दुबळे होते की एका खेपेला एकच माणूस उचलता येई. युद्धात हेलिकॉप्टरने माणसे सोडवण्याची ही पहिली घटना मानली जाते. सहा महिन्यांपूर्वी अशक्य वाटणारी गोष्ट अशी एकाएकी शक्य होते. पण ती शक्य झाली म्हणजे सर्वांसाठी झाली असे नसते. सांगशाकहून पायी निघालेल्यांना याचा अनुभव होता.

८ जून १९४८ च्या रात्री एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून कैरो, जिनिव्हामार्गे लंडनला निघाले. आनंदीबाईंना आठवडेच्या आठवडे लागले होते, तो पल्ला आता दोन दिवसांवर आला. त्या रात्री गंगापूर मात्र निजामी राज्यात होते. रझाकारांचा धुमाकूळ चालू होता, सरहद्दीवर नाकेबंदी होती. वडील सांगत, की त्या पावसाळ्यात गावातले कोणी आजारी पडले तर नगरला नेता येत नव्हते आणि औरंगाबादेपर्यंत नेण्याची हिंमत होत नव्हती. १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली आणि गोदावरी पुन्हा नुसती नदी झाली. औरंगाबादला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे आपली घाटी, १९५६ साली आले. तोवर आमच्या तालुक्याच्या माणसाने लासूर स्टेशनला गाडीत बसायचे, मनमाडला गाडी बदलायची आणि मुंबई गाठायची, हाच मोठ्या आजाराचा मार्ग होता.

१९७३ नंतर तेलाचे भाव चढले आणि आखातात कामगारांची मागणी वाढली. कोकणातून तिकडे जाण्याची वाट जुनी होती. मराठवाड्यातून ती उशिरा पडली. बहात्तरच्या दुष्काळाने आमच्याकडच्या पुष्कळांची शेतीवरची श्रद्धा उडवली होती. पुढे वाळूजची औद्योगिक वसाहत आमच्याच तालुक्याच्या हद्दीत उभी राहिली. आयटीआय करून पोरे वाळूजला वेल्डिंग, फिटिंग शिकली आणि हातात कसब आल्यावर त्यांतली काही आखाताच्या विमानात बसली. माझा भाचा त्यांतलाच.

ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत घेतले, तेव्हा परदेशी अडकलेला कामगार हा विषय देशाला पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर समजला. जॉर्डनमधल्या अम्मानहून मुंबईपर्यंत ५९ दिवसांत ४८८ फेऱ्या झाल्या आणि १,११,७११ माणसे परत आली. नागरी विमानांनी केलेली इतकी मोठी सुटका आधी झाली नव्हती आणि तिची नोंद गिनेस बुकात झाली. तरी ती चालती-बोलती माणसे होती. झोपलेल्या माणसाला आणणे हे वेगळेच शास्त्र आहे. ते मी नाइलाजाने शिकलो, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो.

विमान दहा-अकरा किलोमीटर उंचीवरून जाते. आतली हवा दाबून ठेवलेली असते, पण जमिनीइतकी नाही. नियमानुसार आतला दाब साधारण २,४०० मीटर उंचीवर असतो तितपत उतरू शकतो. कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे कळसूबाईवर आणखी अर्धी कळसूबाई ठेवून तिच्या माथ्यावर रुग्णाला तीन-चार तास निजवायचे. निरोगी माणसाला काही जाणवत नाही. फुप्फुसे अशक्त असलेल्याच्या रक्तातला प्राणवायू मात्र झपाट्याने उतरतो. दुसरे असे, की दाब कमी झाला की हवा फुगते, सुमारे एक तृतीयांशाने. छातीत, पोटात किंवा कवटीत कुठे हवा अडकलेली असेल तर तीही फुगते. म्हणून नुकते पोटाचे ऑपरेशन झालेल्याला, फुप्फुसाभोवती हवा साचलेल्याला किंवा डोक्याला मार लागून कवटीत हवा शिरलेल्याला तपासणीशिवाय विमानात घेत नाहीत. श्वासनलिकेत घातलेल्या नळीच्या फुग्यात हवेऐवजी पाणी भरतात ते याच कारणाने. ताज्या प्लास्टरला उभी चीर देतात. गांधीजींचे प्लास्टर विमानात असते तर डॉक्टरांनीच ते सैल केले असते.

वाहतुकीचे मार्ग दोन. एक, स्वतंत्र रुग्णवाहक विमान, छोटे, आत एकच खाट, व्हेंटिलेटर, डॉक्टर आणि परिचारक. मला हा शब्द पहिल्यांदा नीट कानावर पडला तो ऑगस्ट २०१२ मध्ये, विलासराव देशमुखांना मुंबईहून चेन्नईला अशा विमानाने हलवले तेव्हा. आठवडाभरात, १४ ऑगस्टला, ते गेले. दुसरा मार्ग प्रवासी विमानातल्या स्ट्रेचरचा. मागच्या रांगांतल्या खुर्च्यांच्या पाठी आडव्या करून त्यांच्यावर स्ट्रेचर बसवतात आणि भोवती पडदा लावतात. त्यासाठी साधारण सहा ते नऊ खुर्च्या जातात आणि तेवढ्या तिकिटांचे पैसे द्यावे लागतात. सोबतच्या डॉक्टरचे तिकीट वेगळे. त्याआधी तिथल्या डॉक्टरांनी सविस्तर वैद्यकीय फॉर्म भरायचा, विमान कंपनीच्या डॉक्टरांनी तो मंजूर करायचा आणि इकडच्या रुग्णालयाने खाट राखून ठेवल्याचे पत्र द्यायचे. तिन्ही कागद एकाच वेळी ताजे असावे लागतात. एकाची मुदत संपली की तिघांची फेरी पुन्हा सुरू.

आमचे एकोणीस दिवस यातच गेले. भाच्याच्या मेंदूवर तिथे वेळेवर शस्त्रक्रिया झाली होती. ती उत्तम झाली होती, हे आधी सांगितले पाहिजे. पाच आठवड्यांनी तो स्वतः श्वास घेत होता, गळ्यात नळी होती, डोळे उघडे होते, ओळख नव्हती. तिथल्या डॉक्टरांनी फोनवर मला स्पष्ट सांगितले, की आणखी महिनाभर इथेच ठेवलात तर बरे, व्यायाम सुरू झाला आहे. कंपनीला मात्र त्याला लवकर पाठवायचे होते आणि बहिणीला त्याला लवकर आणायचे होते. दोघांची कारणे वेगळी, पण मागणी एकच. ती रोज संध्याकाळी येऊन बसायची आणि एकच वाक्य म्हणायची, “दादा, लेकराला घरी आणा.” मी तिला डॉक्टरांचे म्हणणे सांगितले. सगळे ऐकून घेऊन ती म्हणाली, “तिथं त्याला हाक कोण मारतंय?”

रुग्णवाहक विमानाचा खर्च वीस लाखांच्या वर सांगितला गेला. स्ट्रेचरचा सात लाखांच्या आसपास. कंपनीने साधे एक तिकीट देऊ केले. दीड एकर पाण्याखालची जमीन विकली. रात्रीच्या विमानाने तो निघाला, पहाटे मुंबईत उतरला. कवटीतली हवा गेली आहे याची तपासणी निघण्याआधी केली होती, त्यामुळे आकाशातले तीन तास निर्विघ्न गेले. त्रास झाला तो जमिनीवर. कसाऱ्याच्या घाटात दोन तास वाहने तुंबली होती, रुग्णवाहिकेतला प्राणवायू नाशिकला बदलून घ्यावा लागला, आणि येवल्याच्या पुढच्या खड्ड्यांत सोबतचा डॉक्टर त्याचे डोके दोन्ही हातांत धरून बसला होता. संभाजीनगरच्या रुग्णालयात दाखल व्हायला दुपार झाली. तिसऱ्या आठवड्यात त्याला न्यूमोनिया झाला. त्या रात्री मला आखातातल्या डॉक्टरांचा आवाज आठवत राहिला.

आठ महिन्यांनी त्याची पेटी लावताना मला कागदांत एक विमापत्र सापडले. प्रवासी भारतीय बीमा योजना. परदेशी कामाला जाणाऱ्या, इमिग्रेशनची परवानगी लागणाऱ्या कामगारांसाठी ही योजना २००३ सालापासून सक्तीची आहे. मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास दहा लाखांपर्यंत, आणि कामास वैद्यकीयदृष्ट्या अपात्र ठरल्यास मायदेशी परतीचे भाडे. एवढ्या काळजीच्या दिवसांत हे पत्र शोधावे असे आमच्यापैकी कोणालाच सुचले नाही, आणि ते देणाऱ्या दलालाने आठवण करून दिली नाही. परतीच्या भाड्याची मुदत उलटून गेली होती. अपंगत्वाचा दावा पुढे दीड वर्षाने काही अंशी मिळाला. पण त्या परतीच्या भाड्याचे कलम मी पुन्हा पुन्हा वाचले. भाडे साध्या वर्गाच्या एका तिकिटाचे. म्हणजे कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर बसून येणारा रुग्ण होता. नऊ खुर्च्या अडवणारा, झोपून येणारा रुग्ण त्यांच्या रकान्यात नव्हता. मला करोडगिरीचा नाका आठवला.

दूतावासांकडे भारतीय समुदाय कल्याण निधी असतो, २००९ सालापासून. अडचणीतल्या भारतीयाला तातडीचे उपचार, परतीचे भाडे आणि प्रसंगी पार्थिव आणण्याचा खर्च त्यातून मिळू शकतो. त्यासाठी अर्ज करावा लागतो, परिस्थिती दाखवावी लागते. हेही मला उशिरा कळले. आमच्या तालुक्यातून कोणी आखाताला निघाला की आता मी त्याच्या घरी जातो आणि विमापत्राची एक प्रत घरच्यांकडे ठेवायला लावतो. पत्रिकेच्या डब्यात ठेवा, म्हणतो. तो डबा कोणी हरवत नाही.

मे २०२० मध्ये ‘वंदे भारत’ विमाने सुरू झाली, तेव्हा परदेशात अडकलेल्या लाखोंची घालमेल साऱ्या देशाने पाहिली. त्या दिवसांत मला गोखले दिसत होते. आजारी, पॅरिसमध्ये, आणि मधला रस्ता तुटलेला. आज समृद्धी महामार्ग आमच्या तालुक्यातून जातो, कसाऱ्याच्या घाटाला वळसा पडला आहे, आणि १०८ ला फोन केला तर रुग्णवाहिका येते. भाचा आज निघाला असता तर दुपारऐवजी सकाळी पोहोचला असता.

तो आहे. न्यूमोनियातून उठला. उजवा हात चालत नाही, बोलणे तुटक आहे, सकाळी ओट्यावर बसतो. त्याला घरी आणायची घाई करायला नको होती असे एक डॉक्टर मला म्हणाले. त्याच्यात जी काही सुधारणा झाली ती घरी आल्यावरच झाली, असे दुसरे म्हणाले. दोघांच्याही म्हणण्याला आधार आहे आणि मला निवाडा करता येत नाही. सव्वाशे वर्षांचे हे सगळे वाचून मला एवढेच दिसले, की माणसाला घरी आणण्याचा निर्णय वैद्यकशास्त्राने क्वचितच घेतला आहे. शास्त्राने तो प्रवास सुसह्य केला. आनंदीबाई औषधासाठी परतल्या नव्हत्या. टेसिफॉनच्या जखमींना तर परतायचे की नाही हे कोणी विचारलेही नव्हते. त्यांना कसे आणले गेले, हे सांगणारा एक मेजर भेटला म्हणून ते आपल्याला ठाऊक आहे.

गेल्या दिवाळीत बहिणीकडे फराळाला गेलो होतो. भाचा ओट्यावर होता. आतून तिने त्याला जेवायला हाक मारली. पहिल्या हाकेला तो वळला नाही. दुसऱ्या हाकेला वळला. ती आतल्या आत चुलीपाशी बसून होती, तिला ते दिसले नाही. मी जाऊन तिला सांगितले.